मोफत शिक्षणाचे आश्वासन आणि फीची पावती

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मला विषय दिला गेला तो ‘आघाडीची सरकारे आणि उच्च शिक्षणाची फी’ असा. विषय मोठा आहे आणि त्यावर भावनेच्या भरात पुष्कळ बोलता येईल. तथापि आपण कार्यकर्ते आहोत. उद्या मंचरच्या किंवा ओतूरच्या बाजारात कोणी अडवून विचारले की, “मुलींचे शिक्षण तर सरकारने मोफत केले, आता तुमची तक्रार कसली?” तर त्याला देण्याजोगे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. त्या उत्तरापुरतेच मी बोलणार आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. २०२४ च्या आरंभी राज्याचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी जाहीर केले की, जूनपासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना उच्च शिक्षण मोफत मिळेल. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात त्याचा पुनरुच्चार केला आणि २ लाख ५ हजार ४९९ मुलींना लाभ होईल असा आकडा सांगितला. (आकडा इतका नेमका की ऐकणाऱ्याला वाटावे, एकेका मुलीचे नाव वहीत लिहून झाले आहे.) ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. सुमारे ९०६ कोटी रुपयांचा जादा भार मंजूर झाला. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. त्या चार महिन्यांत ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ हे शब्द लिहिलेले फलक आपल्या दोन्ही तालुक्यांत कोणी पाहिले नसतील असे वाटत नाही.

आता फलकावरचे शब्द बाजूला ठेवून शासन निर्णयातील शब्द वाचा. माझा आग्रह आहे की, प्रत्येक कार्यकर्त्याने तो निर्णय स्वतः वाचावा. भाषा रूक्ष आहे, पण सरकारचे खरे मन अशा रूक्ष भाषेतच सापडते. तेथे ‘शिक्षण मोफत’ असे नाही. तेथे आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांच्यात शंभर टक्के लाभ. तो कोणाला? आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील मुलींना. कोणत्या शिक्षणासाठी? व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. प्रवेश कसा झालेला हवा? केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतलेली मुलगी यात बसत नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तर मुळातच वगळली आहेत, आणि पुण्याच्या भोवताली अशा विद्यापीठांचे किती पीक आले आहे हे आपण जाणताच.

आणखी एक गोष्ट फलकावर कधीच आली नाही. या प्रवर्गांतील मुलींना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आधीपासूनच होती. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीच्या योजना त्याहूनही जुन्या आहेत. म्हणजे २०२४ साली नव्याने मिळाले ते उरलेले अर्धे शुल्क. सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. ज्या घरात कांद्याचे किंवा टोमॅटोचे एक पीक बुडाले की वर्षाचा हिशेब कोलमडतो, त्या घराला शुल्काचा अर्धा वाटाही मोठा असतो. परंतु अर्धी भाकरी वाढून पंक्तीत ‘जेवण दिले’ असे पुकारायचे, आणि ज्याला ती अर्धीही मिळाली नाही त्याने तक्रार केली तर त्याला कृतघ्न ठरवायचे, हा प्रकार आपण मान्य करता कामा नये.

फीची पावती हाती घेऊन पाहा. शिक्षण शुल्क ही त्यातील एक ओळ असते. तिच्याखाली विकास शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनामत अशा ओळी असतात. शासनाने माफ केली ती पहिली ओळ आणि परीक्षेची ओळ. खालच्या ओळींना ‘मोफत’ हा शब्द लागू नाही. शिवाय माफ झालेली रक्कम शासन देणार ती प्रतिपूर्तीच्या रूपाने, म्हणजे मागाहून. प्रतिपूर्ती रेंगाळली की संस्थाचालक मुलीच्या बापाला सांगतात, “आता भरा, शासनाचे आले की परत देऊ.” फी घेऊ नये अशी तंबी शासनाने महाविद्यालयांना वारंवार दिली. एकाच गोष्टीची तंबी वारंवार द्यावी लागते याचा अर्थ उघड आहे.

एक उदाहरण मुद्दाम सांगतो. २०२४ साली बी.बी.ए., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षेच्या कक्षेत आले. तेव्हा राज्यातील काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून ती परीक्षा टाळली. नाव बदलले की केंद्रीभूत प्रवेश नाही, आणि केंद्रीभूत प्रवेश नाही म्हणजे शुल्कमाफीही नाही. प्रवेश घेताना मुलीला यातले काही ठाऊक नसते.

हे सारे असे का होते, याचे मूळ १९८३ मध्ये आहे. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. तोवर शासन महाविद्यालयाला अनुदान देई, फी अल्प असे, आणि १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीने गरिबाचा मुलगा शिकून जाई. १९८३ नंतर फी हाच संस्थेचा आधार झाला. देणग्यांचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै आणि २००५ च्या इनामदार खटल्यांत खाजगी विनाअनुदानित संस्थांची स्वायत्तता मान्य केली. नफेखोरी नको एवढे बजावले. राज्याने २०१५ मध्ये शुल्क नियामक प्राधिकरणाचा कायदा केला. म्हणजे आज फी ठरते ती संस्थेच्या खर्चावरून, आणि ती माफ करायची म्हणजे तो खर्च सरकारी तिजोरीने संस्थेला भरून द्यायचा. मग सार्वजनिक पैशाने सार्वजनिक महाविद्यालय का उभे राहू नये? आपल्या अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शासनाने मनावर घेतले तर तालुक्याच्या गावातही सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय चालते, हा त्याचा पुरावा आहे. अशी आणखी किती निघाली, हे वर्षानुवर्षे सत्तेच्या निकट राहिलेल्या आपल्या प्रतिनिधींना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आंबेगावचे दिलीप वळसे पाटील स्वतः पूर्वीच्या आघाडीच्या काळात उच्च व तंत्रशिक्षण मंत्री होते, आणि २०२४ साली शुल्कमाफीचा निर्णय झाला तेव्हाही ते मंत्रिमंडळात होते.

आता आघाडीच्या प्रश्नाकडे येतो. आघाडीच्या राजकारणात आश्वासन मोडण्याची एक खास सोय असते. प्रवेश एका खात्याचा, प्रवर्गाची योजना दुसऱ्या खात्याची, पैसा तिसऱ्या खात्याचा, आणि तिन्ही खाती तीन पक्षांकडे. कोणत्याही मंत्र्याकडे जा, तो मनापासून सहानुभूती दाखवतो आणि शेजारच्या दालनाकडे बोट करतो. मे २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये वळविले गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी अर्थखात्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. नाराजी खरी असेल. परंतु मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते हे राज्यघटनेचे तत्त्व आहे, आणि नाराज मंत्री त्या मंत्रिमंडळात बसूनच राहिले. बहिणीच्या खात्यात दीड हजार टाकण्यासाठी तिच्याच मुलीच्या शिष्यवृत्तीच्या खात्याला हात घालायचा, हे घरातला दिवा विझवून ओसरीवर उजेड पाडण्यासारखे आहे. आणि त्या दीड हजाराचे २१०० करू, हे निवडणुकीतले वचनही २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आले नाही.

मी केवळ एका आघाडीला दोष देत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीने जो किमान समान कार्यक्रम प्रसिद्ध केला, त्यात आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना मोफत शिक्षण, शेतमजुरांच्या मुलांना शून्य टक्के व्याजाने शैक्षणिक कर्ज आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरदार महिलांसाठी वसतिगृहे ही कलमे होती. त्या सरकारला अडीच वर्षे मिळाली. कोरोनाची अडचण खरीच. तरीही उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी त्या कलमाचे पुढे काही झाले नाही. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्यांच्यात आपले मित्रही होते. त्याही आधी, १९७८ साली पुलोदच्या काळात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै रोजी केला आणि तो नामविस्ताराच्या रूपाने अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ठराव आणि अंमल यांच्यातील अंतर दलित समाजाने रक्त देऊन मोजले.

दूरदेशीचेही एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये २०१० च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यापीठांच्या फीवाढीविरुद्ध मत देण्याची लेखी शपथ विद्यार्थ्यांना दिली होती. निवडणुकीनंतर तो पक्ष हुजूरपक्षाबरोबर सरकारात गेला. आघाडीच्या करारात त्यांच्या सभासदांना या प्रश्नावर तटस्थ राहण्याची मुभा ठेवली होती, म्हणजे वचन मोडण्याची तरतूद आधीच लिहून झाली होती. डिसेंबरात कमाल फी वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत नेण्याच्या बाजूने त्यांच्या मंत्र्यांनी मते दिली. पक्षाचे नेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये क्षमा मागितली. २०१५ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे ५७ चे ८ सभासद झाले. तेथे विद्यार्थ्यांच्या हातात सहीनिशी कागद होता. आपल्याकडे शपथ लेखी नसते, फलकावर असते, आणि फलक निवडणूक संपली की उतरवले जातात.

आपल्या पश्चिम पट्ट्याकडे पाहिले की या ‘मोफत’ शब्दाचे खरे माप कळते. आहुपे, तिरपाड, हातवीज, घाटघर या बाजूची महादेव कोळी किंवा ठाकर समाजाची मुलगी घ्या. तिला शिक्षण शुल्क माफच आहे. तिचा खर्च आहे तो एस.टी.चा, खोलीचा आणि जेवणाचा. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो. महाविद्यालयात पाऊल टाकले की तो संपतो. ज्या वर्षी शिक्षण दूर जाते, नेमक्या त्याच वर्षी सवलत आखडते. घरी हिरड्याचे चार पैसे येतात तेही हवामानाच्या मर्जीवर. २०२० च्या निसर्ग वादळाने ते कसे नेले आणि भरपाईसाठी किती झगडावे लागले ते येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार ठरली, पण हप्ता वेळेवर येत नाही ही दरवर्षीची तक्रार आहे. घरमालक आणि खानावळवाला काही प्रतिपूर्तीवर थांबत नाहीत.

एप्रिल २०१८ मध्ये त्या वेळच्या युती सरकारने आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकण्याचे ठरवले, तेव्हा जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पावसात, याच पुणे-नाशिक रस्त्याने, मंचर आणि नारायणगावच्या वाटेने. सिन्नरजवळ नांदूरशिंगोटे येथे पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतले. ती मुले काही चैन मागत नव्हती. शिजवलेले जेवण मागत होती. मंत्रालयातल्या माणसाला ताटापेक्षा खात्यातला आकडा सोपा वाटतो, कारण आकडा दाखवता येतो आणि ताटात काय पडले हे कोणी तपासत नाही.

जुन्नर तालुका हा सत्यशोधकांचा जुना मुलूख आहे. ओतूर-डुंबरवाडीच्या डुंबरे पाटलांनी जोतीरावांच्या हयातीतच ही चळवळ येथे रुजवली. सरकार शेतकऱ्याकडून कर घेते आणि शिक्षण मात्र वरच्यांच्या मुलांना देते, ही जोतीरावांची १८८२ सालची हंटर आयोगापुढील तक्रार होती. कराचा पैसा आजही शेतकऱ्याचाच आहे. फक्त तो आता शुल्काच्या प्रतिपूर्तीच्या वाटेने संस्थाचालकाकडे जातो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या महिन्याभरात आपल्या गावातील महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलीची फीची पावती पाहा आणि तिची नक्कल घ्या. माफ असूनही घेतलेली रक्कम एका रकान्यात लिहा, माफच नसलेली दुसऱ्यात, आणि एस.टी., खोली, जेवण यांचा खर्च तिसऱ्यात. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी यांसाठी घोडेगाव किंवा जुन्नरच्या कचेरीत किती खेपा झाल्या तेही नोंदवा. पहिल्या रकान्यासाठी आपण प्राचार्यांकडे आणि तंत्रशिक्षण सहसंचालकांकडे लेखी तक्रार करू. दुसरा आणि तिसरा रकाना घेऊन दोन्ही तालुक्यांच्या आमदारांकडे जाऊ, आणि विकास शुल्क, एस.टी.चा पास व वसतिगृह या तिन्ही प्रश्नांवर विधानसभेत ते काय मागणार आहेत याचे उत्तर सहीनिशी मागू. पुढची बैठक अधिवेशनाच्या आधी घ्यावी आणि ती घोडेगावला, प्रकल्प कार्यालयाच्या जवळ घ्यावी, म्हणजे वसतिगृहांतील मुलींनाही येता येईल.