एकाच कानाचा बहिरेपणा
धानाच्या धुऱ्यावरून चालताना तोल जातो, फोन नेहमी डाव्याच कानाला लावावा लागतो, उजव्यात सारखी गुणगुण. आपण म्हणतो, वय झालं! अन् कानात तेल सोडतो. ते नको. ऐकणे आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या आवरणाची ही गाठ असू शकते. ती कर्करोग नव्हे. बहुधा वर्षाला एकदोन मिलिमीटरच वाढते. पण कवटीत जागा कुठली? पुढे मेंदूच दाबला जातो. गुरुजी, असा कोणी दिसला तर त्याला गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०१६ साली सुरू झालेल्या, कानाच्या डॉक्टरांकडे धाडा. श्रवणचाचणी, मग एमआरआय. लहान गाठीवर पुष्कळदा नुसती नजर ठेवतात. मोठी असल्यास कानामागचे हाड उघडून सूक्ष्मदर्शकाखाली काढतात. चेहरा हलवणारी नस तिला अगदी चिकटून असते. ती वाचवण्यातच सर्जनचे तासन्‌तास जातात.