‘काय मारू?’ विचारण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आले नाही, त्यांच्यासाठी येथे देत आहोत. गटाच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



शेती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते, हे मी आधीच मान्य करते. मी शिकले समाजकार्य. पण गावोगावच्या परसबागा बघत फिरते, त्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, ती आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिल्यांदा परसबाग लावलेली बाई मला बघितलं की एकच विचारते, “ताई, मिरची आकसली, काय मारू?” “भेंडी पिवळी पडली, काय मारू?” घरातून लगेच उत्तर येतं, “कपाशीचं औषध उरलंय, तेच मार.” आणि मग ज्या भाजीसाठी एवढा खटाटोप केला, लेकरांच्या आणि गरोदर सुनेच्या ताटात ताजी भाजी पडावी म्हणून केला, त्याच भाजीवर विष पडतं. नाहीतर बाई कंटाळून रोपं उपटून टाकते, आणि “सांगितलं होतं ना, तुझ्याच्यानं होणार नाही,” हे ऐकून घेते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की ‘काय मारू’ विचारायच्या आधी ‘काय झालं’ ते बघा. त्याला पैसा लागत नाही. पाच मिनिटं लागतात.

आधी पाणी, ऊन, माती

नव्या बागेत रोप दुखलं की पहिला संशय पाण्यावर घ्या. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. वर भेगा दिसतात आणि खाली चिखल असतो. मुळांना हवा मिळाली नाही की झाड पिवळं पडतं. आपण म्हणतो, पाणी कमी झालं, आणि अजून एक कळशी ओततो. शेतात वाफसा बघता ना, तसाच वाफ्यातही बघा.

दुपारी दोनला दोडका, भोपळा यांची पानं मान टाकतात. घाबरू नका. सकाळी सातला परत बघा. पानं ताठ असतील तर तो उन्हाचा ताण होता. सकाळीसुद्धा माना खाली असतील आणि माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही मान खाली असेल तर मूळ बिघडलं, मर लागली. ते झाड उपटून लांब नेऊन जाळा आणि त्या जागी लगेच वांगी, मिरची, टोमॅटो लावू नका.

मग ऊन बघा. भिंतीच्या किंवा लिंबाच्या सावलीत लावलेलं वांगं उंच, किरकिरं वाढतं आणि फूल धरत नाही. फळभाजीला दिवसाचे सहा तास तरी ऊन पाहिजे. सावलीची जागा अळूला द्या.

खत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणाची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही, आणि त्यातून हुमणी येते. धुण्याच्या पावडरीचं पाणीही भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

पान काय सांगतं

आता पानाकडे या. पिवळं पान म्हणजे एकच रोग, असं नाही. पिवळं कुठून पडलं, ते बघायचं.

खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल, तर झाड उपाशी आहे. त्याला नत्र कमी पडतंय. बुंध्यापासून थोडं लांब दोन ओंजळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळा.

वरची कोवळी पानं पिवळी, पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसतं. अशा वाफ्यात राख टाकू नका, तिनं अजून बिघडतं. पाणी कमी करा, खत वाढवा. हिराकस वापरायचा असेल तर प्रमाण सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच.

आणि भेंडीत जर उलटं दिसलं, म्हणजे शिराच पिवळ्या, जाळीसारख्या, आणि नंतर भेंडीही पिवळट, तर तो हळद्या रोग आहे. तो विषाणूचा आहे. त्याला कुठलंच औषध नाही, दुकानदार काहीही म्हणो. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ते झाड लगेच काढा. एक झाड गेलं म्हणून वाईट वाटतं, पण ते ठेवलं तर सगळा वाफा जातो. पिवळ्या रंगाच्या डब्याला किंवा झाकणाला एरंडेल तेल लावून काठीवर टांगा, पांढरी माशी त्याला चिकटते.

मिरचीची पानं आकसली तर पान उलटं करून बघा. पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे असतात, खाली वळलं असेल तर कोळी. दोन्ही इतके बारीक, की पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तरच हलताना दिसतात.

चवळीच्या शेंड्याला मावा आणि मुंग्या सोबत दिसतात. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या येतात. मावा थोडा असेल तर बोटानं पुसून काढा किंवा पाण्याचा जोरात फवारा द्या. तिथंच लाल, ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो आणि त्याच्या अळ्या मावा खातात.

बाकीचं भराभर सांगते. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून जाळा. वांग्याचा शेंडा वाळून लोंबला तर आत अळी आहे. शेंडा खाली कापून नष्ट करा, नाहीतर तीच पुढे फळात शिरते. काकडीच्या पानावर पिठासारखी पांढरी भुरी आली तर खालची दाट पानं काढा, हवा खेळू द्या. गंधक वेलभाजीवर टाकू नका, पानं करपतात. टोमॅटो बुडाकडून काळा पडला तर तो कीड नाही. एक दिवस भरपूर पाणी आणि चार दिवस कोरडं, असं झालं की फळापर्यंत चुना पोचत नाही. पाणी थोडं पण नेमानं द्या, बुडाशी पालापाचोळा पसरा.

फुलं गळतात

“भोपळ्याला फुलं येतात आणि गळतात,” ही तक्रार प्रत्येक गावात आहे. वेलाला सुरुवातीला नर फुलं जास्त येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो. तोही पिवळा पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा करा. लाल भोपळ्याचं सकाळी लवकर. हे काम मधमाशी फुकट करते, म्हणून तरी बागेत विष नको.

कपाशीचं औषध बागेत नको

हे मी ठासून सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. तसलंच औषध आपण ताटातल्या भाजीवर मारायचं का? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे. फवारल्यानंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. आपण तर भेंडी दर दोन दिवसांनी तोडतो.

पंपसुद्धा वेगळा ठेवा. तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून बागेत आणला, तर राहिलेल्या अंशानंही टोमॅटोची, भेंडीची पानं पिळवटतात, आणि आपण रोग शोधत बसतो. छोटी फवारणीची बाटली पुरते.

त्यात निंबोळी अर्क भरा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. पान ठीक असेल तर संध्याकाळी, पानाच्या खालूनही फवारा. अर्क त्याच दिवशी संपवा. याने कीड एका दिवसात मरत नाही, हळूहळू खाणं आणि वाढ थांबते. आठवड्यानं परत फवारा. आणि भाजी धुऊनच शिजवा.

गटानं काय करायचं

प्रत्येक बैठकीत बचत झाली की दहा मिनिटं परसबागेला द्या. बैठक जिच्या घरी, तिची बाग सगळ्यांनी मिळून बघायची. आजारी फांदी बंद पिशवीत घालून आणा, दुसऱ्याच्या वाफ्याजवळ उघडू नका. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहा : काय दिसलं, काय केलं, आठ दिवसांनी काय झालं. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, सचिव ताईंनी लिहावं. दोन हंगामांनी तुमच्याच मातीचं, तुमच्याच गावचं पुस्तक तयार होईल.

गटाला उमगलं नाही तर कृषी सखीला, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. फक्त फोन करताना “काय मारू” असं विचारू नका. पान कुठलं, पिवळं कुठून, पाणी कधी दिलं होतं, ते सांगा. उत्तर बरोबर मिळेल.

पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा आधी तुमचं ते शेवटचं पान वाचेन, आणि मग आपण बागेत जाऊ.