जिंकलेल्याचं बिल



मी गोदीतला कामगार. मॅट्रिक. कायद्याची पुस्तकं वाचली ती पाळी सुटल्यावर, मागून आणून. बोलणं खडबडीत असंल, चालवून घ्या.

घर फोडलं, भांडी रस्त्यावर फेकली. आपण कोर्टात गेलो. समजा, जिंकलो. हुसकावणं बेकायदा, ताबा परत द्या, असा हुकूम झाला. पेढे वाटले. पण वकिलाची फी? तिच्यासाठी गहाण टाकलेलं आईचं डोरलं? तारखेला तारखेला पडलेले खाडे?

दिवाणी संहितेचं कलम ३५ म्हणतं, हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. वाचून बरं वाटतं. पण त्या खर्चात वकिलाची फी धरतात ती नियमातल्या दरानं. तुम्ही मोजलेल्या नोटांशी तिचं काही नातं नाही. समोरचा धडधडीत खोटं लढला तर कलम ३५-अ. त्याखाली जास्तीत जास्त किती? ३,००० रुपये! आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला. आज त्यात झेरॉक्स आणि मुन्शीचा चहा भागतो.

दिल्लीत एका जागेच्या भांडणात हायकोर्टानं हरणाऱ्यावर ४५ लाख २८ हजारांचा खर्च बसवला. २०११ साली सुप्रीम कोर्टानं तो हुकूम मोडला. नियमाप्रमाणं खर्च आणि वर ३,००० रुपये, बस्स. कायदाच तेवढा होता. ही मर्यादा निदान एक लाख करा, असं कोर्टानं सुचवलं.

२०१५ साली कायदा बदलला. कुणासाठी? व्यापाऱ्यांसाठी. मोठ्या रकमेच्या व्यापारी दाव्यांतून ३,००० ची अट काढली, वकिलाची फी खर्चात धरा म्हणून स्पष्ट लिहिलं. झोपडीच्या दाव्याला ३,००० तसेच. एकाच कायद्याची दोन लेकरं, एक गादीवर, दुसरं गोणपाटावर.

कुणी म्हणंल, मग सगळ्यांनाच खरा खर्च लावा. जपून! आपण हरलो तर बिल्डरच्या बड्या वकिलाची फी आपल्याच बोकांडी बसंल. मागायचं ते असं की बेकायदा हुसकावणाऱ्याकडून खरा खर्च घ्या, आणि गरीब हरला तर त्याच्यावर लादू नका. हे एका दमात मागायचं. अर्धं मागितलं तर आपणच मेलो.

तोवर हातात आहे ते वापरा. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो. वकील म्हणाला, भरपाईतला चौथा हिस्सा दे, तर तसं ठरवायला त्याला बार कौन्सिलचीच मनाई आहे. फी थकली म्हणून कागद दाबले तर २००० सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. कागद अडवता येत नाहीत, फीसाठी त्यानं वेगळा दावा लावावा.

आता ज्यांच्याकडं पावत्या हायेत त्यांनी पुढं या. बाकीच्यांनी तारखा आठवा. किती खाडे पडले, मी लिहून घेतो.