भीमथडीचीं पेवें

युद्धकाळीं रयतेनें गुहेचा आश्रय केला असें म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचे कडे उभे राहतात. मावळांत तसा आडोसा होता. 1662 सालीं मोगल चालून येत आहेत असें कळतांच शिवाजीमहाराजांनीं रोहिडखोऱ्याच्या सर्जेराव जेध्यांना लिहिलें, कीं गांवोगांव फिरून रयत लेकराबाळांसुद्धां घाटाखालीं न्यावी. हयगय केल्यास जे लोक शत्रूच्या हातीं पडतील त्यांचें पाप तुमच्या माथीं. पण शिरूर-दौंडच्या माणसानें कोणता घाट उतरावा? घोड आणि भीमा या नद्या, आणि त्यांच्या कांठीं उघडें माळरान!

या मुलुखांत गुहा स्वतःच खणावी लागे, आणि तीहि माणसासाठीं नव्हे, दाण्यासाठीं. तिचें नांव पेव. ‘पेव फुटणें’ हा वाक्प्रचार आपण शहरांत नित्य वापरतों. पेव पाहिलेले आपल्यांत किती निघतील? गांवच्या पांढरींत, ओल लागणार नाहीं अशा उंचवट्यावर, कठीण मुरुमांत तें खणीत. तोंड एक माणूस उतरेल एवढेंच, पोट मात्र रांजणासारखें फुगीर. आंतून कडबा व भुसा लावून जोंधळा भरीत; वर फरशी, फरशीवर माती. फौजेची चाहूल लागली कीं माणसें आणि गुरें वाट फुटेल तिकडे जात. दाणा भूमीच्या पोटांत राही. तो वांचला तर परतून पेरणी. नाहींतर परतावयाचें तरी कशाला?

लुटारूहि अडाणी नव्हते. अंगणांत पाणी ओतीत. जेथें तें झपाट्यानें मुरे तेथें पहार घालीत. तेवढ्यानें न भागल्यास जागा ठाऊक असलेला माणूस धरीत. पेंढारी अशाच्या तोंडाला ऊन राखेचा तोबरा बांधून त्याच्या पाठीवर मारीत. 1802 च्या अखेरीस वसईचा तह झाला, पुढें शिरूरास इंग्रजांची छावणी पडली, हें आपण शाळेंत पाठ केलें. त्याच सुमारास लूट आणि अवर्षण एकत्र येऊन 1803-04 चा दुष्काळ पडला. राखेच्या तोबऱ्यापुढें तोंड न उघडणारा कुणबी मला त्या तहापेक्षां लहान वाटत नाहीं.

गांव पुन्हां वसूं लागलें कीं पेव उघडीत. पण लगेच कोणी आंत उतरत नसे. कोंडलेल्या धान्याची हवा जीव घेते. दोरीला दिवा बांधून खालीं सोडीत. दिवा विझला तर आणखी थांबावयाचें, भूक कितीहि असो. दिवा टिकला, म्हणजे घरांतला अंगानें सडपातळ असा एखादा पोर टोपली घेऊन खालीं उतरे.