दोरा बांधलेला तेरडा

(म्हैसूर येथे मराठी श्रोत्यांसमोर वसंतात दिलेले व्याख्यान)



थंडीतली बाग आता उतरली आहे. फ्लॉक्स, डायन्थस, पेटुनिया खालून पिवळे पडू लागले आहेत आणि पुढच्या आठवड्यात माळी ते उपटून टाकणार. त्याला पंधरा दिवस थांबवा. आपण झाड मेलं म्हणतो, तेव्हा त्याचं सर्वांत महत्त्वाचं काम चाललेलं असतं. ते बी भरत असतं.

थंड देशांत बागकाम करणाऱ्यांचा जीव प्रिम्युलावर असतो. हे फूल मूळचं आपल्याही हिमालयातलं. सिक्कीम, काश्मीर, तिबेट इथून त्याचं बी विलायतेच्या बागांत गेलं. फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ साली तिबेटातून एका उंच, पिवळ्या प्रिम्युलाचं बी आणलं आणि त्याला बायकोचं, फ्लोरिंडाचं, नाव दिलं. चार्ल्स डार्विन यांनी त्याआधीच, १८६२ साली, दाखवून दिलं होतं की प्रिम्युलात दोन तऱ्हेची झाडं असतात. एकाच्या फुलात स्त्रीकेसर लांब, दुसऱ्याच्या आखूड. या दोहोंत परागांची देवाणघेवाण झाली तरच बी चांगलं धरतं. म्हणून बी हवं असेल तर एकटं झाड लावून भागत नाही. हे बी पिकल्या पिकल्या ताजंच पेरतात, त्याला उजेड लागतो म्हणून मातीखाली गाडत नाहीत आणि थंडी अंगावरून गेली की ते रुजतं. आपल्या म्हैसुरात जानेवारीच्या पहाटेही पारा १६ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा तो नाद इथे नको. आपल्याकडे तेरडा आहे.

तेरडा हा तर इथलाच. कन्नडमध्ये त्याला कर्णकुंडल म्हणतात, आणि पाकळ्यांमागची ती वाकडी नळी पाहिली की नाव किती नेमकं आहे ते कळतं. याची भावंडं सह्याद्रीभर पसरली आहेत; कासच्या पठारावर गुलाबी गालिचा घालतो तोही एक तेरडाच. आपल्या घरांत तर तो गौरीचा. कितीतरी कुटुंबांत तेरड्याची रोपं मुळांसकट आणून गौर बसवतात, ती मुळं म्हणजे गौरीची पावलं मानतात.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. गौरीसाठी आपण कोणतं रोप उपटतो? सर्वांत उंच, सर्वांत भरलेलं. परडीत कोणती फुलं येतात? सर्वांत टपोरी. मग आश्विनात, सगळे सण उरकल्यावर, कुंपणाशी जे खुरटं रोप उरलेलं असतं त्याचं बी आपण पुडीत बांधतो. असं दहा वर्षं केलं की आजीच्या अंगणातला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा कुठे गेला, हे विचारायची वेळ येते. दुहेरी फुलांना आधीच बी कमी धरतं, एकेरीला भरपूर. आपण लक्ष दिलं नाही तर एकेरीच उरणार.

यावर उपाय एका लाल दोऱ्याचा. श्रावणात पहिली फुलं आली की सगळी रोपं नीट पाहून घ्या. रंग, दाटी, खोडाची ताकद बघा. दोन रोपं निवडा आणि त्यांच्या खोडाला सैल दोरा बांधा. त्या दोन रोपांचं फूल तोडायचं नाही, देवालासुद्धा नाही. रंग निराळे राखायचे असतील तर वाफे लांब ठेवा, कारण मधमाश्या रंगांची सरमिसळ करतात.

शेंग उतरवणं हे हाताचं काम आहे. लव असलेली ती फुगीर शेंग हिरवी असते तेव्हा घट्ट लागते. पिकत आली की हिरवेपणात पिवळट झाक येते आणि बोटाला ती ताणलेली जाणवते. तेव्हा डावी ओंजळ खाली धरायची आणि उजव्या हाताने संबंध शेंग मुठीत घेऊन दाबायची. मुठीतच ती फुटते, पाच पाळ्या अळीसारख्या वळतात आणि तळहातावर तपकिरी, गोल बी राहतं. एक दिवस उशीर केलात तर ते बी अंगणभर उडालेलं असतं. मुलांना हे काम द्या, ती कधी विसरत नाहीत.

बी सावलीत, वर्तमानपत्रावर आठ दिवस वाळवा. एका वर्षी मी घाईने ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं. उघडलं तेव्हा सगळ्यावर बुरशी होती आणि एका जांभळ्या रंगाचा वाण माझ्या हातून कायमचा गेला. तेव्हापासून कागदाचीच पुडी, वर रंग आणि तारीख. कोरडं राहिलं तर हे बी दोन-तीन वर्षं सहज टिकतं. शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात रुजले तर पेरा, तीनच रुजले तर दाट पेरा. बाजारच्या पुडीवर 'एफ-१' लिहिलेलं असेल तर मात्र त्या झाडाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत वाण फुटतो.

आपल्या या शहराला बियांच्या देवाणघेवाणीचं वावडं कधीच नव्हतं. गुस्ताव क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात. परदेशी बागांशी बियांची अदलाबदल करून त्यांनी या संस्थानाच्या बागा समृद्ध केल्या. एका मराठी दरबारातून दुसऱ्या दरबारात आलेला हा माणूस आपण मराठी मंडळींनी तरी लक्षात ठेवावा.

पेरणीची वेळ सांगते. म्हैसुरात स्वर्णगौरी गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आपली गौर गणपतीनंतर, अनुराधा नक्षत्रावर. दोन्ही साधायच्या तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा, फूल साधारण दोन महिन्यांनी येतं. तांबडी माती, शेणखत आणि थोडी वाळू पुरे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, पाणी झारीने, आणि रोपं कोलमडू नयेत म्हणून संध्याकाळी माती चिंब ठेवू नका.

दाराशी टेबलावर पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत वीस दाणे. गेल्या वर्षी दोरा बांधलेल्या रोपांचं बी आहे. एकेक घेऊन जा आणि पुढच्या वसंतात दोन पुड्या परत आणा.