डिकी लिटरवर जोखू नका

भिलाईहून नागपूर, महामार्ग ५३. गाडीत सहा माणसं, आईची व्हीलचेअर आणि बॅगा. महागडी एसयूव्ही मी यावरच जोखतो.

तिन्ही रांगा उभ्या ठेवल्या तर मर्सिडीज जीएलएसची डिकी ३५५ लिटर, बीएमडब्ल्यू एक्स७ ची ३२६. म्हणजे व्हीलचेअर घेतली की बॅगांना जागा उरत नाही. मग तिसरी रांग अर्धी पाडायची, सहावा माणूस उरलेल्या अर्ध्या रांगेत. फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडून बाजूला टांगावी लागते. डिकीची रुंदी तिथेच जाते. लॅडर फ्रेममुळे तळही उंच, आईला चढणं कठीण.

फौजेत आधी सामान मोजायचं, मग गाडी ठरवायची. शोरूममध्ये व्हीलचेअर आणि आई, दोघींना घेऊन जा. जय हिंद!