लग्न, पण भट्टीच्या बाजूनं

आज एका फ्रेंच पिक्चरबद्दल बोलायचंय. घाबरू नका, लग्नाचाच आहे.

नाव ‘ल सॉन्स द ला फेत’, 2017 चा. इंग्रजी सबटायटलवाल्यांना तो ‘से ला वी’ म्हणून सापडेल. दिग्दर्शक एरिक तोलेदानो आणि ऑलिव्हिए नाकाश, म्हणजे ‘इन्टचेबल्स’वाली जोडी. सतराव्या शतकातला वाडा, एक दिवस, एक रात्र. पण कॅमेरा नवरानवरीपेक्षा जास्त फिरतो तो मॅक्सच्या मागं. मॅक्स म्हणजे लग्नाचं सगळं काम अंगावर घेणारा ठेकेदार. झाँ-पिएर बाक्रीचं ते वैतागलेलं तोंड बघून मला सारखे आमचे अण्णा आठवत होते.

अण्णा आचारी. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जिथली सुपारी येईल तिथं. सुट्टीत मी त्यांचा वाढपी.

पिक्चरमध्ये मटण ठेवलेल्या गाडीचा फ्रिज बंद पडतो, मटण खराब होतं. दुसरीकडून जेवण येईपर्यंत मॅक्स पाहुण्यांना खारट पफ आणि वर पाणी पाजून पोटं भरत बसतो. मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. अहो, आमच्याकडं मालक सहाशे पानं सांगतो आणि पंगतीला नऊशे माणूस! तेव्हा अण्णा हळूच म्हणायचे, “आधी भजी फिरव, तोवर आमटी वाढवतो.” वाढवतो म्हणजे काय, ते कळलंच असेल.

तिथला नवरदेव भाषण संपवतच नाही. आपल्याकडं ते काम पुढारी करतात. मुहूर्त टळून जातो, माईकवर सत्कार चालूच, आणि इकडं पुऱ्या गार.

एक वाढपी मात्र मला टोचला. ज्युलियन, आधीचा मास्तर. ऐन लग्नात त्याला कळतं की नवरी आपल्या जुन्या ओळखीची, आणि मनातलीही. माझ्यावर ही वेळ नारायणगावला आली होती. कॉलेजातली एक मुलगी पंगतीत बसलेली दिसली, तशी मी भाताची बादली दुसऱ्या पोराच्या हातात दिली आणि भट्टीमागं जाऊन उभा राहिलो. अण्णांनी बघितलं. बोलले काहीच नाहीत. त्यांना काय वाटलं असेल, हे मला पिक्चर बघताना पहिल्यांदा सुचलं. लाज मला वाढपाची वाटली होती, की त्यांची?

मॅक्स धंदा विकायचं म्हणत असतो. अण्णाही दर तुळशीच्या लग्नाला म्हणतात, यंदा शेवटचं. ताईच्या लग्नात आम्ही मुद्दाम दुसरा आचारी लावला होता, निदान त्या दिवशी तरी फेटा बांधून मांडवात उभे राहतील म्हणून. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि अण्णा गायब. सापडले कुठं? भट्टीपाशी, तळहातावर आमटी घेऊन चव बघताना. फेट्याचं टोक खांद्यावर, हातात मामानं दिलेल्या अक्षता तशाच. मी हाक मारली तेव्हा पळत आले. शेवटच्या ‘सावधान’ला पोचले.

परवा मोबाईलवर त्यांना हा पिक्चर दाखवला. ना फ्रेंच कळत, ना खालचं इंग्रजी. मी मधेमधे सांगत होतो, पण फारशी गरज पडली नाही. शेवटपर्यंत बघितला. मग चष्मा काढून विचारलं, “ते दुसरीकडून जेवण मागवलं ना, त्याचे पैसे शेवटी कुणाच्या अंगावर पडले?”